धनी नसलेलं जाळं

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हॉल भरून आवाज उठला आणि त्यात सगळ्यांच्या वरचा आवाज होता गणराज तांडेलचा. मंडळाचा अध्यक्ष होता तो. अध्यक्षाचा आवाज छताला लागलाच पाहिजे, असं त्याचं मत होतं.

गुरुवार होता. चाकणच्या पट्ट्यातल्या बहुतेक कंपन्यांना त्या दिवशी सुट्टी, म्हणून शिरसेबंदर ग्रामस्थ मंडळाची सत्यनारायणाची पूजाही गुरुवारीच. जागा भिमाजींचं मंगल कार्यालय. पूर्वी तिथे त्यांची कांद्याची चाळ होती, आता एसी आहे. समुद्र इथून रात्रभराच्या वाटेवर. तरीही हॉलमधल्या निम्म्या माणसांची जाळी रोज रात्री समुद्रात असायची.

जाळं

शिरसेबंदर हे खाडीच्या तोंडावरचं गाव. पूर्वी तिथे एकच मोठी रापण असायची, सगळ्या गावाची. होडीतून जाळं फिरवून आणायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून ओढायच्या; दोरीला हात लावेल त्याला वाटा. मग माणसं चाकणला आली. कोणी बॉडी शॉपमध्ये, कोणी पेंट शॉपमध्ये, कोणी वायरिंगच्या लायनीवर. हातात पगार आला आणि दोरी ओढायला हात उरले नाहीत. तेव्हा चाकणवाल्यांनी नायलॉनची जाळी घेऊन गावाला पाठवली, वर परराज्यातले खलाशी ठेवले. संध्याकाळी जाळं खाडीच्या तोंडावर आडवं टाकायचं, सकाळी उचलायचं. सकाळी फोनवर फोटो येतो. लायनीवर उभा असलेला धनी तो शेजारच्याला दाखवतो, "हे बघ, आपलं."

गणराजचं सगळं त्या एका 'आपलं'वर उभं होतं. कंपनीत तो शिफ्ट इन्चार्ज. उद्या त्याच्या जागी दुसरा येईल. सोसायटीत तो फ्लॅटचा नंबर. शिरसेबंदरात मात्र तो तांडेल, कारण खाडीच्या तोंडावर तांडेलांचं जाळं आहे. ते उचललं की काय उरतं? गणपतीला येऊन मोदक खाऊन जाणारा पाहुणा.

गादे

खाडीच्या त्याच तोंडातून गादे आत येतात. गादा म्हणजे पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन. भरतीला मासळीच्या मागे लागून तो खाडीत शिरतो. पण तो काही मासा नव्हे; त्याला वर येऊन श्वास घ्यावा लागतो. जाळ्यात गुरफटला की पाण्यातच गुदमरतो. जाळ्यापाशी माणूस असेल तर धडपड कळते, जाळं एका बाजूने सोडून देता येतं. माणूस नसेल तर सकाळी मेलेला गादा हाती लागतो. खलाशी त्याला कापून पाण्यात ढकलतात आणि फोटोत तेवढं घेत नाहीत.

एके काळी ह्या तोंडावर गाद्यांचे कळप दिसत. अलीकडे दिसले की पोरं हाका मारून सांगायला लागली, इतके कमी झाले.

गावात राहिलेल्यांनी ह्यावर ठराव केला. जाळ्यावर धनी हजर पाहिजे. बारीक डोळ्यांची जाळी बंद. गादे पिल्लं घेऊन येतात तेव्हा खाडीचं तोंड मोकळं ठेवायचं. आपली मासळीही त्यातूनच वाढेल. ठराव चाकणला आला आणि गणराजने ग्रुपवर एकच ओळ टाकली:

"गाद्यांचं मतदान कुठल्या बूथवर असतं?"

खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. ठराव तिथेच बुडाला.

गणराजला ऐकू आलं ते

गाऱ्हाणं घालत होते आबाजी सारंग. गावात घराण्याकडे गाऱ्हाण्याचा मान, इकडे तळवड्यात मुलाच्या फ्लॅटमध्ये मुक्काम. एकेक मागणं मानकऱ्याने देवापुढे बोलायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. म्हटलं की तो गावाचा शब्द झाला. पण ऐकतो कोण? तोंड आपोआप उघडतं.

"...पोटाच्या पाठी हय चाकणात येवन ऱ्हवली हत..."

व्हय म्हाराजा!

खिशात फोन थरथरला. खलाशी: सेठ, हम लोग घर निकल गए. जाल कल शाम से डाला हुआ है.

"...नोकरेक धक्को लागूक देव नको..."

व्हय म्हाराजा!

गणराजने मेसेजवर अंगठा उमटवला. फोन खिशात.

"...तोंडार जे येतत... तेंकाव..."

व्हय म्हाराजा!

जेवणाची टेबलं अजून लागली नव्हती. दारातल्या भिमाजींना त्याने हातानेच विचारलं, काय चाललंय?

"...आजपासून... ऱ्हवता नये..."

व्हय म्हाराजा!

"...दर्याच्या वाटेर..."

व्हय म्हाराजाऽऽ!

शेवटच्या होकाराला त्याने दोन्ही हात वर केले.

टाळ्या वाजल्या. हॉलमध्ये नव्हेत, फोनमध्ये. चौरंगाशेजारी तांब्याला टेकवून मंडळाचा फोन उभा केला होता आणि पलीकडे शिरसेबंदरात देवळाच्या सभामंडपात अख्खा गाव पूजा बघत बसला होता. पडद्यावर पुढे आला तो रवळू. गणराजच्या बायकोचा भाऊ आणि गावच्या उरल्यासुरल्या रापणीचा पुढारी.

"भावजीनू," रवळू म्हणाला, "शब्द दिल्यात. आमी आभारी असंव."

"कसला शब्द?"

बाजूला प्रसादाचे द्रोण भरणारी त्याची बायको रुपाली मान वर न करता म्हणाली, "आत्ता काय ओरडलात ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"

आबाजी बोलले ते

रेकॉर्डिंग होतंच. कोणीतरी ते लावलं. सगळे वाकून ऐकू लागले.

"बा देवा म्हाराजा, शिरसेबंदराच्या रवळनाथा! ही तुझी लेकरा पोटाच्या पाठी हय चाकणात येवन ऱ्हवली हत. तेंका आरोग्य दी. तेंच्या नोकरेक धक्को लागूक देव नको. तसाच, खाडयेच्या तोंडार जे गादे येतत, ती पण तुझीच लेकरा. तेंकाव श्वास घेवचो असता. म्हणान, ज्या जाळ्यार धनी हजर नाय, ता जाळा आजपासून पाण्यात ऱ्हवता नये. आणि जो कोण ह्यो शब्द मोडीत, तेका पुन्हा दर्याच्या वाटेर उभो करू नको म्हाराजा!"

आणि प्रत्येक मागण्याला, घशाच्या शिरा ताणून, गणराज तांडेल: व्हय म्हाराजा.

भांडण

"ही फसवणूक आहे!" गणराज पुढे झाला. "देवाच्या पाटावर बसून ठराव घुसवता, आबानू? लाज नाही वाटत?"

"घुसवलंय खय? माइकार बोललंय," आबाजी म्हणाले. "सगळ्यांनी ऐकला. सगळ्यांच्या वरचो आवाज तुझोच होतो."

"ते सवयीनं म्हणतात सगळे!"

"मगे देवाक नमस्कार पण सवयीनच करतंस काय रे?"

मागून कोणीतरी ओरडलं, "अध्यक्ष, तुम्ही म्यूटवर होतात काय?"

हशा. गणराजने मान वळवून कोण ते पाहिलं. पेंट शॉपमधला, जाळं नसलेला. जाळं नसलेल्यांना हसायला काय जातं?

जाळीवाले एका बाजूला गोळा झाले. "आबांनी हे बरं केलं नाही," एकजण म्हणाला. "माझंही जाळं आहे तिथे."

"मग काढून घे."

"तू काढ ना आधी!"

"माझं कुठंय? मी तर विकलं."

"मग तोंड कशाला उघडतोस?"

खुर्च्या सरकल्या. कोणाचा तरी प्रसाद सांडला. आबाजी पाटावरून हलले नाहीत. बोट मात्र गणराजवर रोखलं.

"तू बॉडी शॉपात, तुझा जाळा दर्यात. गाद्याक श्वास घेवक वर येवचा लागता. तेका कोण सांगतलो, वायच थांब, धनी सेकंड शिफ्टाक असा?"

"आणि तुम्ही कोण मोठे दर्यावर्दी लागून गेलात? तळवड्यात सोफ्यावर बसून सीरियली बघता. शेवटचा बांगडा कधी धरलात?"

"तू जन्माक येवच्या आधी. म्हणान मी जाळा ठेवूक नाय. तू ठेवलंस."

गणराज आणखी तापला. "उठा तिथून," तो म्हणाला. "दिलेला शब्द गाऱ्हाण्यानंच परत घेता येतो. मी घालतो उलटं गाऱ्हाणं."

आबाजी लगेच उठले. इतके लगेच, की गणराजला ते आवडलं नाही.

उलटं गाऱ्हाणं

"बा देवा म्हाराजा!"

कोणी 'व्हय' म्हटलं नाही. अजून मागणं कुठे होतं?

"खाडीच्या... खाडयेच्या तोंडार माझा जाळा असा... ता थयच राहू दे."

"ऱ्हवांदी!" कोणीतरी चूक दुरुस्त केली. "राहू दे काय? देव काय पुण्याचो असा?"

"ऱ्हवांदी!" गणराज खेकसला. लायनीवर वर्षानुवर्षं हिंदी आणि पुणेरी बोलून त्याची मालवणी गंजली होती, हे त्याला आत्ता, भर सभेत, देवासमोर कळत होतं. "आणि तेच्यात गादे जर... अडकले..."

"अडकान पुढे काय ता सांग," आबाजी म्हणाले. "देवाक अर्धवट सांगू नये."

"अडकले तर..."

रुपालीचा द्रोणावरचा हात थांबलेला.

"अडकले तर मरांदेत!"

आता होकार यायला हवा होता. गणराजने जाळीवाल्यांकडे पाहिलं. एकजण चपला शोधायला लागला. दुसऱ्याला अचानक फोन आला. तिसरा सत्यनारायणाच्या तसबिरीकडे अशा नजरेने बघत होता, जणू ती त्याने पहिल्यांदाच पाहिली. मनात सगळ्यांच्या तेच होतं, रोज रात्री ते तेच करत होते. पण ते असं उघड, मोठ्याने, देवाकडे मागायचं?

"व्हय!" दारातून खणखणीत आवाज आला. "व्हय, व्हय!"

सगळ्यांच्या माना वळल्या. भिमाजी कानाला फोन लावून उभे होते. "व्हय, हाल संध्याकाळी मोकळा व्हतोय. आना तुमी बँडवाल्यांला."

हॉल फुटला. माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकून हसली. "एक व्हय मिळाला, अध्यक्ष!" "पण तो खेड तालुक्याचा आहे राव, चालतो का?" फोनमधूनही हसू येत होतं, शे-दीडशे माणसांचं, खरखरीत.

"काय झालं वो पाव्हनं?" भिमाजी बावरले. "म्या काय वंगाळ बोललो का?"

रुपालीही हसली. पदर तोंडावर धरून हसली, पण हसली. गणराजने ते पाहिलं आणि पाटावरून उठला.

हात

"रवळ्या!" त्याने तांब्याला टेकवलेला फोन उचलून तोंडासमोर धरला. "दात काढणं बंद कर आणि जाऊन ते जाळं काढ. आत्ताच्या आत्ता. तुझ्या देवाचं समाधान होऊ दे."

"मी हात लावूचंय नाय."

"काय?"

"दुसऱ्याच्या जाळ्याक हात लावणा म्हणजे चोरी. तुमीच शिकवल्यात."

हे खरं होतं. गेल्या मोसमात तांडेलांच्या जाळ्यात गादा धडपडताना रवळूला दिसला. त्याने फोन केला, गणराजने लायनीवरूनच 'काप' म्हटलं, रवळूने कापलं. गादा सुटला. दुसऱ्या दिवशी फाटक्या जाळ्याचा फोटो बघितल्यावर गणराजचं डोकं फिरलं आणि त्याने पोलिसांत तक्रार दिली: माझं जाळं मेहुण्याने फाडलं. परवानगी? मी कुठे दिली? रवळूला दिवसभर चौकीवर बसवून ठेवलं होतं. तेव्हापासून रुपाली माहेरचं नाव घरात काढत नव्हती, आणि रवळू त्याला 'भावजीनू, तुमी' म्हणायला लागला होता. आधी 'गण्या' म्हणायचा.

"खलाशांना सांगतो मग."

"खलाशी सकाळच्या एसटीन गेले. जाळा काल सांजेपासून पाण्यात असा. धनी कोण? तुमी. येवा आणि काढा."

रवळूने फोन फिरवला. सभामंडपाच्या कठड्यापलीकडे समुद्र दिसला, उन्हाने पांढरा झालेला. खाडीच्या तोंडावर जाळं तरंगतं धरणाऱ्या बोयांची रांग. आणि रांगेच्या अलीकडे पाण्यातून एक कुबड वर आलं, बुडालं. मग दुसरं, लहान, त्याला चिकटून.

"भरती लागली," रवळूचा आवाज आला. "वांगडा पिल्लू पण असा."

गणराजने फोन ठेवला, गाडीची किल्ली घेतली. "येतोच," तो कोणाकडेही न बघता म्हणाला. "माझं जाळं मी काढीन. कोणाच्या बापाचे उपकार नकोत."

चौक

आबाजी न विचारता शेजारी येऊन बसले. पट्टा लावायला त्यांना वेळ लागला.

"तुम्ही कशाला?"

"धनी नुसतो जावन काय करतलो? होडी वल्हवूक येता काय अजून?"

गणराजने गाडी सुरू केली. गाडी मुख्य रस्त्याला आली, चौकाच्या अलीकडेच थांबली आणि थांबूनच राहिली. पुढे कोऱ्या गाड्या दोन मजल्यांवर लादलेला ट्रेलर, डावीकडे कंटेनर, उजवीकडे कांद्याचे ट्रक, मधल्या फटींतून घुसणारे मोटरसायकलवाले. त्याने हॉर्नवर तळहात दाबून धरला. पुढच्या ट्रेलरवर त्याच्याच कंपनीच्या गाड्या होत्या. त्यांचे दरवाजे कदाचित त्याच्याच शिफ्टमध्ये बसले असतील.

"रात होतली पोचाक," आबाजी म्हणाले.

"गप्प बसा."

"मी आपला सांगतंय."

"गप्प बसा म्हटलं ना!"

त्याने रवळूला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन डॅशबोर्डवर टेकवला. पलीकडे माणसं किनाऱ्यावर उतरली होती. पडद्याच्या कडेला पाय, लुगड्यांचे काठ, मध्ये पाणी, बोयांची रांग.

बघता बघता रांगेच्या मधल्या बोया पाण्याखाली गेल्या.

वर आल्या. पुन्हा गेल्या.

"लागलो," पलीकडे कोणीतरी हळू म्हणालं.

आबाजींनी दोन्ही हात डॅशबोर्डवर ठेवले.

"रवळ्या," गणराज म्हणाला, "काप. मी परवानगी देतो."

"परवानगी नको. परवानगी फिरता."

"आबा साक्षीला आहेत इथे!"

"साक्ष पण नको."

"मग काय पाहिजे तुला, मेल्या? पाय धरू?"

"ता जाळा तुमचा न्हय म्हणान सांगा," रवळू म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "धनी नाय तेच्या जाळ्याक कोणव हात लावता. हंय सगळो गाव उभो असा. मोठ्यान सांगा."

बोया थरथरत होत्या. गादा किती वेळ श्वास धरतो हे गणराजला ठाऊक होतं. आजूबाजूच्या ह्या शेकडो गाड्यांत, त्याच्या शेजारचा म्हातारा सोडला तर, दुसऱ्या कोणाला ते ठाऊक नव्हतं. आणि त्याला हेही ठाऊक होतं की आता गादा मेला तर गावासमोर मरेल, तांडेलांच्या जाळ्यात मेला म्हणून मरेल, आणि पिढ्यानपिढ्या तेच सांगितलं जाईल. रवळूने दोन्ही बाजूंनी दोऱ्या ओढत आणल्या होत्या. त्या क्षणी गणराजला गाद्याची जेवढी कीव आली त्याच्या कितीतरी पट रवळूचा राग आला.

"ता जाळा माझा न्हय."

"ऐकाक येना नाय."

कंटेनरवाल्याने भोंगा वाजवला. गणराजने काच वर केली आणि फोनच्या अगदी तोंडाशी जाऊन, हॉलमध्ये लावला होता तोच आवाज लावला. "माझा न्हय! ता जाळा माझा न्हय! तांडेलांचा कोणाचाच न्हय! घाला खय घालूचा ता!"

पडदा आडवा झाला. रवळूने फोन कोणा बाईच्या हातात कोंबला असावा. ती धावत होती. पडद्यावर वाळू, आभाळ, एक कान, पुन्हा वाळू. मग दिसणं बंदच झालं, नुसता आवाज राहिला. होडी ढकलल्याचा. शिव्यांचा. "सुरी दी रे!" "शेपटेक धर!" "डोक्याकडसून काप मेल्या, आधी डोक्याकडसून!" मग बराच वेळ फक्त पाणी.

फूऽऽस.

गणराजला वाटलं, मागच्या ट्रकने ब्रेकची हवा सोडली. त्याने आरशात पाहिलं. ट्रक बंद होता.

"गेलो," आबाजी म्हणाले.

"गेला म्हणजे?"

"खोल गेलो. मेलो नाय."

फोनमध्ये ओरडा सुरू झाला होता. त्यातून रवळूचं ओलं तोंड पडद्यावर आलं. तो हसत नव्हता. "भावजीनू, बाकीचा जाळा आमी वर काढतव. तुमी येवन आता काय करतल्यात? येवचाच तर रापणीक येवा. दोरयेक हात लावल्यात तर वाटो गावता."

"उद्या फर्स्ट शिफ्ट आहे माझी," गणराज म्हणाला आणि कॉल तोडला.

गाडीत उकडत होतं. बाहेर एका मोटरसायकलवाल्याने आरशाला धक्का दिला आणि वर त्यालाच शिवी देऊन गेला. आबाजींनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं.

"फिरव गाडी. जेवणा थंड होतली."

"उतरा."

"हंय? रस्त्यात?"

"इथेच. हॉल मागेच आहे, चालत जा."

आबाजींनी पट्टा सोडवला. दार उघडून एक पाय खाली टाकला आणि मग वाकून आत पाहिलं. "तुका आता शब्द मोडल्याचा काय लागूचा नाय," ते म्हणाले. "गाऱ्हाण्याप्रमाण तू मोकळो."

"मोकळा," गणराज म्हणाला. "दिसतंय ना."

त्याने हात लांबवून दार आतून ओढून घेतलं. समोरचा ट्रेलर अजून हलला नव्हता.